वॉल्टरने न पाहिलेली नदी

तुम्ही माझ्या भावाला एक नदी पाहू दिली नाहीत. मला गोल गोल बोलता येत नाही, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकलं. तुम्ही म्हणजे अमेरिकन वकिलातीत काचेमागे बसून शिक्के मारणारे, त्यांना हुकूम देणारे, आणि त्यांच्याही मागे जे कोणी असाल ते सगळे. तुमची नावं मला ठाऊक नाहीत आणि ठाऊक करून घ्यायची हौसही नाही. माझ्या भावाचं नाव वॉल्टर कर्शॉ. त्याने सारा जन्म तुमच्या देशाचा इतिहास लिहिण्यात घालवला. इथल्या पोरांनी तुमच्या यादवी युद्धाबद्दल जे काही शहाणपणाचं ऐकलं असेल, त्यातलं बरंचसं त्याच्या तोंडून ऐकलंय. आणि त्याच माणसाला तुम्ही दारात उभं केलंत, बैठकीच्या खोलीत घडीभर बसवलंत आणि घर न दाखवता परत पाठवलंत. गेल्या हिवाळ्याच्या तोंडी तो गेला. आता तुम्हाला त्याची भीती उरली नसेल. तेव्हा ऐका.

लँकेशायरमधल्या आमच्या थॉर्नक्लफ गावात अमेरिका यायची ती कापसाच्या गासड्यांमधून. बाबा गिरणीत गासड्या फोडायच्या खात्यात होते. लोखंडी पट्ट्या तोडायच्या, गोणपाट फाडायचं, दाबून दगड झालेला कापूस हातांनी मोकळा करायचा. घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या, नाकातले केस पांढरे. आई म्हणायची, लग्न केलं त्या दिवशीच नवरा म्हातारा मिळाला. त्या कापसातून काय काय निघायचं! मक्याचं कणीस, पाखराचं पीस, हाडाचं बटण, एकदा तर चावून टाकलेला तंबाखूचा गोळा. वॉल्टर ते सगळं मागायचा आणि खिडकीच्या कट्ट्यावर मांडून ठेवायचा. गोणपाटावर काळ्या शाईत गावांची नावं छापलेली असायची. त्यातलं एक होतं बेलमोर. मिसिसिपी नदीवरचं गाव.

"वॉल्टर, तो कचरा आधी फेक," आई ओरडायची. "उंदीर होतील घरात."

"राहू दे गं," बाबा म्हणायचे. "दुसऱ्यांची पोरं कोंबड्यांची अंडी चोरतात. ह्याने अमेरिका चोरली, ती पण मालकाची."

त्या तुमच्या युद्धात कापूस यायचा थांबला, तेव्हा आमच्या गावच्या गिरण्यांना कुलपं लागली होती. आमच्या पणजीने धर्मादाय सूप पिऊन दिवस काढले. घरात ही गोष्ट फार सांगितली जायची, आणि ती संपली की वॉल्टर दर वेळी तोच प्रश्न विचारायचा. "पण बाबा, तिकडे तो कापूस वेचत कोण होतं? त्यांना सूप कोण देत होतं?"  बाबा म्हणायचे, "तूच मोठा होऊन शोध आणि मला सांग." तो मोठा झाला आणि शोधत बसला, एवढंच झालं.

त्याला हुशारीवर वरच्या शाळेत जागा मिळाली. मी मागावर गेले. घरात एकालाच शिकवता येत होतं आणि तो एक जण मी नव्हते. ते मला तेव्हा पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही, पण त्यात तुमचा दोष नाही म्हणून पुढे जाते. मी जे काही शिकले ते त्याच्या पुस्तकांतून. शनिवारी तो घरी यायचा आणि माझ्यासमोर पुस्तक टाकून म्हणायचा, "वाच आणि भांड माझ्याशी." मी दोन्ही करायचे.

विद्यापीठात असताना, स्पेनमध्ये लढाई चालू होती त्या काळात, तो लाल झेंड्याच्या एका पक्षात गेला. कुठल्या ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. सभांना जायचा, रस्त्यात उभा राहून पत्रकं विकायचा, आणि त्याला एकही पत्रक धड विकता यायचं नाही, कारण घेणाऱ्याला तो आधी त्यातल्या चुका सांगायचा. मग त्या पक्षाच्या परदेशातल्या धन्यांनी हिटलरशी दोस्ती केली, पक्षाने त्यांचीच री ओढली आणि वॉल्टर बाहेर पडला. पुढे सैन्यात गेला, हाताला गोळी लागून परत आला. तुमच्या सैनिकांच्या शेजारी उभा असताना लागली ती गोळी. त्या वेळी कोणी त्याला विचारलं नाही, बाबा रे, तू कुठल्या पक्षात होतास?

लढाईनंतर विद्यापीठात शिकवायला लागला आणि लगेच त्याने तुमच्याकडे अर्ज केला. बेलमोरला जायचं होतं. तुमच्या अर्जात प्रश्न होता: तुम्ही अमुक पक्षाचे सभासद आहात काय, किंवा कधी होता काय? त्याने लिहिलं, होय, होतो. अर्ज परत. त्याच्याबरोबर त्याच सभांना जाणारा, त्याच्यापेक्षा चांगली पत्रकं विकणारा एक मित्र होता, डेनिस प्लंकेट. त्याने लिहिलं, नाही. तो गेला, आला, परत गेला, आणि दर खेपेला त्याचे उच्चार थोडे अधिक अमेरिकन होत गेले. शेवटी तो प्राध्यापक झाला. वॉल्टर शेवटपर्यंत साधा व्याख्याता राहिला.

"अरे, एक शब्द," मी म्हटलं होतं. "एक शब्द खोटा लिहिला असतास तर काय आभाळ कोसळलं असतं?"

"अगं, मी इतिहास शिकवतो," तो म्हणाला. "लोकांनी कागदावर काय लिहिलं त्यावर माझं पोट चालतं. उद्या माझाच कागद कोणी वाचला तर?"

 तो नाकासमोर चालणारा माणूस होता. असल्या माणसाचं नाक सगळ्यात आधी भिंतीवर आपटतं.

न जाता त्याने पुस्तक लिहिलं. कागद मागवले, नकाशे मागवले, छायाचित्रं मागवली. अमेरिकेहून कोणी आलं की त्याला चहाला बोलवायचा आणि खोदून खोदून विचारायचा. रस्ते कसे, माती कुठल्या रंगाची, दुपारी तिनाला सावली कुठे पडते. बिचारे पाहुणे केकचा तुकडा हातात धरून बसायचे. बेलमोरचा नकाशा त्याने आमच्या थॉर्नक्लफवर बसवला होता. आमचं टपाल कार्यालय म्हणजे त्यांची कचेरी. सहकारी दुकानाच्या जागी गुलामांचा बाजार. शनिवारी संध्याकाळी फिरायला निघाला की वाटेत भेटणारी शेजारीण विचारायची, "काय वॉल्टर, आज कुठपर्यंत?" आणि तो म्हणायचा, "आज चर्चपर्यंत, मिसेस टॅटरसॉल. आणि मग खाली नदीवर." नदी म्हणजे आमचा कालवा. कोळशाच्या होड्या, मेलेली मांजरं. मिसेस टॅटरसॉल म्हणायची, "नदीत पडू नकोस हं, चहाची वेळ झालीय."

लोक हसायचे. मीही हसायचे. पण तो कालव्याच्या कठड्याशी उभा राहायचा तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघून मला हसू यायचं नाही. बंदरावर बोटीची वाट बघत उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा असतो ना, तसा. फक्त आमच्या कालव्यात बोट येणार नव्हती.

त्या पुस्तकातली शेवटची दोन प्रकरणं एका बाईवर उभी होती. तिचं नाव कीझाया. बेलमोरमध्ये गुलाम म्हणून जन्मलेली. फार म्हातारी झाल्यावर तिने कोणाला तरी आपली हकिकत सांगितली आणि ती एका जुन्या मासिकात पानभर छापून आली होती. तिने सांगितलं होतं: उत्तरेची आरमारी बोट नदीतून वर येतेय हे कळलं तेव्हा मालकांनी आपला कापूस शत्रूच्या हाती लागू नये म्हणून पेटवून दिला. तो रविवार होता. आम्ही काळे लोक चर्चच्या माडीवर बसायचो, खाली गोरे. मी माडीच्या खिडकीतून पाहिलं. कापूस पाण्यावर जळत चालला होता. खाली पाद्री सांगत होता की सगळं ठीक आहे. मी वरून बघत होते की ह्यांचं सगळं संपलंय. त्याच रात्री मी निघाले.

वॉल्टर म्हणायचा, ह्या पाच-सहा वाक्यांत सगळं युद्ध आहे. इथे आमची पणजी त्या कापसावाचून उपाशी, तिथे तोच कापूस नदीत जळतोय, आणि मधे एक बाई खिडकीत उभी आहे, जिला कोणी काही सांगितलेलं नाही आणि सगळ्यात आधी सगळं कळलंय. तिला कोणी मुक्त केलं नाही; तिने पाहिलं आणि ती चालू लागली. हे त्याचं म्हणणं होतं. ह्यावर त्याने दहा वर्षं घातली.

पुस्तक आलं, लोकांनी वाखाणलं. आणि मग तुमच्या देशातल्या एका मोठ्या नियतकालिकात बेलमोरच्याच एका विद्वानाने लिहिलं: श्री. कर्शॉ आमच्या गावी कधी आलेले दिसत नाहीत. नकाशावर चर्च आणि कापूस जळाला तो बोटींचा धक्का शेजारी दिसतात, पण गाव उंच कड्यावर आहे आणि धक्का कड्याच्या पायथ्याशी. चर्चमधून धक्का दिसणं अशक्य. ह्या बाईने काहीही पाहिलेलं नाही. लेखकाने हे दृश्य लँकेशायरमधून पाहिलं असावं.

डेनिसने ते वाक्य एका जेवणात मोठ्याने वाचून दाखवलं म्हणे. खूप हशा झाला.

त्या शनिवारी वॉल्टर घरी आला. नकाशा काढून बसला. सपाट कागद. त्यावर कडा कुठे दिसणार? आमच्याकडे कालवा रस्त्याला लागूनच वाहतो, चर्चच्या पायरीवर उभं राहिलं की होडीतल्या माणसाची टोपी दिसते. तिकडेही तसंच असणार असं धरून त्याने पुस्तकात कीझायाला माडीवरून थेट धक्का दाखवला होता. कालव्याकाठी वाढलेल्या माणसाची चूक.

"चुकलं तर चुकलं," मी म्हटलं. "दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त कर."

"माझं चुकलं ते चालेल गं, हिल्डा." त्याने चष्मा काढला. "पण ते तिला खोटी म्हणताहेत. तिला उठून बोलता येत नाही. तिला खोटी ठरवलं ती माझ्यामुळे. मी तिला पुस्तकात आणलं नसतं तर ती त्या जुन्या मासिकात सुखाने पडून होती." मग म्हणाला, "मला त्या माडीवर जायला हवं. एकदाच. त्या खिडकीतून बघायला हवं."

तेव्हापासून त्याच्या आयुष्यात दुसरं काही नव्हतं. लग्न झालं नाही. एक बाई होती, चांगली होती, मला आवडायची, ती थकली. मला म्हणाली, "हिल्डा, दुसऱ्या बाईशी मी भांडले असते. नदीशी कसं भांडू?"

पुन्हा अर्ज. तेव्हा मी त्याच्याबरोबर लंडनला आले होते. तुमची ती खोली मला अजून आठवते. मेणासारखा चकचकीत मजला, झेंडा, आणि जाड काच. वॉल्टर काचेसमोर टोपी हातात धरून उभा. तुमच्यातला एक जण फाइल चाळत होता, शेजारी एक टंकलेखिका. काचेमागचं काही ऐकू येत नव्हतं. पण मी सतरा मागांच्या गोंगाटात वाढलेली बाई आहे. आमच्या खात्यात कानाचा उपयोग नसतो; आम्ही ओठ वाचतो. खोलीच्या त्या टोकाची बाई नवऱ्याला काय शिव्या देतेय ते आम्हाला ह्या टोकाला कळतं. तुमच्या माणसाने त्या मुलीकडे वळून काय म्हटलं ते मी वाचलं.

तो म्हणाला, "हा परत आला. ह्या गाढवाने साधं 'नाही' लिहिलं असतं तर केव्हाच गेला असता."

ती मुलगी हसली. मग तो वॉल्टरकडे वळला, काचेतली फट उघडली आणि अगदी अदबीने म्हणाला, "दिलगीर आहोत, सर."

परतीच्या गाडीत मी वॉल्टरला सांगितलं. मला वाटलं, चिडेल. तो हसला. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "म्हणजे मी बरोबर उत्तर दिलं, हे त्यांनाही ठाऊक आहे."

"मोठा आलाय बरोबर उत्तर देणारा! बक्षीस काय मिळालं?"

"सँडविच आहे का अजून?" तो म्हणाला.

आणखी काही वर्षांनी न्यूयॉर्कला इतिहासकारांची परिषद भरली. तुमच्याच काही भल्या माणसांनी खटपट केली आणि तुम्ही परवानगी दिलीत. आठवडाभर. फक्त न्यूयॉर्क. शहराची हद्द ओलांडणार नाही अशी त्याच्याकडून सही घेतलीत. त्याचं हृदय तेव्हा कुरकुरत होतं, डॉक्टर म्हणाला एकट्याने जायचं नाही. म्हणून मीही अर्ज केला. तुमच्या माणसाने मला विचारलं, "बाई, कधी कुठल्या संघटनेच्या सभासद होता का?" मी म्हटलं, "सहकारी दुकानाची आहे. दर सणाला चहाची पुडी मिळते." तो खो खो हसला आणि मला सगळा देश मोकळा केला. जिथे वाटेल तिथे जा. मला! मला तुमच्या देशात काहीही बघायचं नव्हतं.

हॉटेलच्या खोलीची खिडकी समोरच्या इमारतीच्या विटांवर उघडत होती. वॉल्टर परिषदेत बोलला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्याला हात मिळवले. मग भाषणं संपली आणि त्याच्या हातात चार दिवस मोकळे राहिले. तो पलंगावर बूट घालून बसला होता. मी लांबच्या बसच्या वेळा काढून आणल्या.

"चल," मी म्हटलं. "आत्ता निघालो तर उद्या रात्री बेलमोर."

"मी सही केली आहे, हिल्डा."

"इथे कोण बघतंय? ह्या शहरात माणूस मेला तरी शेजाऱ्याला कळत नाही."

"सही कोणी बघावी म्हणून करत नसतात."

माझा तोल गेला. "आठव्या वर्षी प्रार्थनाघरात पण केली होतीस! दारूला शिवणार नाही म्हणून. मी पण केली होती तुझ्या शेजारी बसून, त्याच शाईने. आणि चौदाव्या वर्षी गिरणीतल्या बायकांनी बिअर पुढे केली तेव्हा मी प्यायले. जमीन दुभंगली नाही!"

"मी नाही प्यायलो," तो म्हणाला. बढाई नव्हती त्यात. आपली उंची सांगावी तसं सांगितलं.

आमच्याकडे प्रार्थनाघरात वाढलेली ही जात मला माहीत आहे. भर पावसात रिकाम्या रस्त्यावर बसच्या खांबाशी रांग लावून उभी राहणारी. रांगेत एकटेच असले तरी. मी खूप बोलले. भित्रा म्हटलं. त्यांनी तुला माणूस मानलं नाही आणि तू त्यांचा शब्द पाळतोयस, म्हटलं. तो म्हणाला, "त्यांचा नाही गं, माझा." आणि मग, विटांकडे बघत, अगदी हळू म्हणाला, "तू मात्र कुठे सही केलेली नाहीस."

मला रडू आलं. कारण ते मागणं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझ्याकडे काही मागितलं, आणि मागितलं ते काय, तर स्वतःच्या जागी उभं राहायला.

मी गेले. बसमध्ये बसून पाय सुजले. बेलमोरला उतरले ते एका उकाड्याच्या सकाळी. कडा मला लगेच दिसला. विद्वान खोटं बोलला नव्हता. धक्का खरंच खाली पाताळात होता.  चर्च बंद होतं. झाडलोट करणारा एक उंच काळा म्हातारा अंगणात पानं गोळा करत होता. मिस्टर टॉलिव्हर. मी सांगितलं, लांबून आलेय, माडी बघायचीय.

"वर कोणी जात नाही बाईसाहेब. धूळ आहे."

"तुमची माणसं तिथे बसायची ना पूर्वी?"

त्याने झाडू भिंतीला टेकवला. "आमची माणसं तिथे बसवायचे," तो म्हणाला. "बसायला आम्हालाही खालीच आवडलं असतं."

मी म्हटलं, चुकले. तो म्हणाला, चला. अरुंद जिना होता. वरच्या बाकांना पाठी नव्हत्या. खिडकीची झडप त्याने खांद्याने ढकलून उघडली. मी बाहेर पाहिलं. धक्का दिसत नव्हता. कड्याची कडा, दोन छपरं, आणि मग काही नाही. मी तशीच उभी राहिले, आता वॉल्टरला काय सांगू म्हणून. मग म्हाताऱ्याने माझ्या कोपराला हलकेच धरून मला खिडकीच्या पार डाव्या बाजूला सरकवलं. बायका बसायच्या ती बाजू, म्हणाला.

आणि तिथून नदी दिसली. धक्क्याच्या खालच्या अंगाला ती मोठं वळण घेते, ते सगळं वळण. मी एवढं पाणी कधी पाहिलं नव्हतं. ते वाहतंय असंही वाटत नव्हतं. सगळी जमीनच सरकतेय असं वाटत होतं.

"धक्क्यावरून काही पाण्यात सुटलं," मी विचारलं, "पेटलेलं काही, तर ते..."

"त्या वळणावरूनच जाणार," तो म्हणाला. "दुसरीकडून जाईल कुठून? होड्या, ओंडके, मेलेली खेचरं. लहानपणी मी इथे बसून मोजायचो. प्रवचनापेक्षा बरं."

कीझायाने धक्का दिसला असं कधी म्हटलंच नव्हतं. कापूस पाण्यावर जळत चालला होता, असं म्हटलं होतं. विद्वानाने नीट वाचलं नव्हतं, आणि नीट उत्तर देण्यासाठी वॉल्टरला त्या खिडकीत उभं राहायला हवं होतं. तिथे मी उभी होते. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला सारखं वाटत होतं, की मी दुसऱ्याच्या ताटातलं जेवतेय आणि तो दारातून बघतोय. मी एक फोटो काढला. तो पुढे धुऊन आला तेव्हा काळी चौकट आणि मधे नुसता पांढरा उजेड होता.

हॉटेलात परत आले तर तो खुर्ची दाराकडे तोंड करून बसला होता. मी कोट काढायच्या आधी सांगितलं, "दिसते." त्याने दोन्ही हात तोंडावर घेतले.

मग प्रश्न. "रंग? कालव्यासारखा?"

"नाही रे. चहात दूध जास्त पडल्यावर होतो ना, तसा."

"आवाज?"

"काहीच नाही."

"एवढी नदी आणि आवाज नाही?"

"नाही, वॉल्टर."

"पलीकडचा काठ दिसतो?"

"झाडांची रेघ दिसते."

"परत सांग. जिन्यापासून सांग."

मी जिन्यापासून सांगितलं. त्याने डोळे मिटून ऐकलं. मी कितीही सांगितलं तरी मधे माझे शब्द येत होते. मी त्याला खिडकी देऊ शकत होते, तिच्या पुढचं नाही.

त्याने त्या नियतकालिकाला टिपण पाठवलं. उत्तर आलं, सभ्य उत्तर. लेखकाची भगिनी प्रशिक्षित निरीक्षक नसल्याने व नात्यातली असल्याने तिचं कथन पुरावा म्हणून स्वीकारता येत नाही. लेखकाने स्वतः स्थळ पाहिलं असल्यास विचार करू. वॉल्टरला जन्मात पहिल्यांदा मी टेबलावर मूठ आपटताना पाहिलं. चहा सांडला.

"आता दोघी झाल्या," तो म्हणाला. "आधी तिने पाहिलं ते खोटं. आता तू पाहिलंस ते खोटं. खिडकीपाशी पुरुष उभा राहीपर्यंत नदी वाहतच नाही की काय!"

पुन्हा अर्ज, ह्या वेळी फक्त बेलमोरसाठी, एका दिवसासाठी. सोबत त्याने सगळं लिहून पाठवलं, कशासाठी जायचंय ते. तुम्ही नाही म्हणालात. कारण दिलं नाहीत. आणि मग मिस्टर टॉलिव्हरने मला कळवलं की चर्चमध्ये थंड हवेचं यंत्र बसवलंय, त्यासाठी छत खाली आणलंय, माडी फळ्यांनी बंद केलीय. खिडकीही. मी ते वॉल्टरला कसं सांगितलं हे मी तुम्हाला सांगणार नाही. सगळंच तुम्हाला कळायला हवं असं नाही.

त्यानंतर तो कालव्यावर जाईनासा झाला. मिसेस टॅटरसॉल विचारायची, "वॉल्टर आज कुठपर्यंत गं?" मी म्हणायचे, घरीच आहे. इस्पितळात त्याची खाट भिंतीला लागून होती. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी मला वाटलं, झोपलाय. तो म्हणाला, "हिल्डा, खिडकीच्या डाव्या हाताला की उजव्या?"

"डाव्या."

"हं," म्हणाला आणि मान डावीकडे वळवली. तिकडे हिरवा रंग दिलेली भिंत होती. तो बराच वेळ बघत राहिला. त्याला काय दिसलं मला माहीत नाही. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने खरंच सांगितलं असतं, आणि खरं असं असतं की भिंत दिसतेय.

तर साहेब. कीझाया खरं बोलली, तिला तुमच्या विद्वानाने खोटी ठरवलं. मी खरं बोलले, माझ्या शब्दाला कोणी मोजलं नाही. वॉल्टरने तुमच्या कागदावर खरं लिहिलं, आणि त्याच्याशेजारी उभं राहून खोटं लिहिणाऱ्याला तुम्ही पायघड्या घातल्यात. तुमच्याच माणसाने काचेमागून ते कबूल केलं, माझ्या डोळ्यांदेखत. मी तुमचा देश ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बसने ओलांडला, तुमचं काही सांडलं नाही, फुटलं नाही. मला भरपाई नको, दिलगिरी नको. दिलगिरी एकदा त्या फटीतून ऐकली आहे. तुम्ही माझ्या भावाला एक प्रश्न विचारला होतात आणि हो किंवा नाही एवढंच उत्तर मागितलं होतं. मीही तेवढंच मागते. वॉल्टर कर्शॉने खोटं लिहायला हवं होतं का? हो की नाही? उत्तर द्या.